जास्तीचे साठ हजार

सकाळपासून सातव्यांदा टोलनाक्यावर आलो
तेव्हा नोटबुर्गानं विचारलं, वर काही हरवलंय का?
हरवलं नाही, म्हटलं. मोजतोय.
तीन गाड्या आहेत. एक नवी, दोन तिच्या तोडीच्या,
आणि नवी साठ हजार युरोंनी महाग.
ते साठ हजार नेमके कुठे बसवलेत
एवढं शोधून शुक्रवारपर्यंत मासिकाला लिहून द्यायचंय.

तिनं चष्मा कपाळावर सरकवला.
मग, सापडले?

एकार्टकडे स्टॉपवॉच होतं. तो म्हणाला,
शंभरचा वेग गाठायला करडीपेक्षा तीन दशांश सेकंद कमी.
तेवढ्यात माझी पावतीसुद्धा फाटत नाही, नोटबुर्गा म्हणाली.
मी कार्बनच्या छताचं सांगितलं,
बारा किलो वाचतात म्हटलं.
ती माझ्या पोटाकडे बघून गप्प राहिली.

खरं तर मलाही ठाऊक नव्हतं.
बावीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या हाकतोय,
घरची आहे ती डिझेलची, मागच्या सीटवर बिस्किटांचा चुरा.
लोक विचारतात, घेऊ का?
जणू माझ्या होकारानं त्यांच्या खात्यात भर पडणार आहे.
लाल गाडी गाते छान, पण गाणं संपेस्तोवर पाठ आखडते.
करडी कधी चुकत नाही,
आणि त्याबद्दल तिला माफ करता येत नाही.
हिरवी, म्हणजे नवी,
तिच्याबद्दल वहीत तीनदा लिहून तीनदा खोडलं होतं.

दोन वाजता नोटबुर्गाची पाळी संपली.
म्हणाली, न्या मला वर. एकेकीतून.
पण मी डोळे मिटून बसणार.

एकतीस वर्षं हा क्राटनयोखचा घाट तिच्या खिडकीत आहे.
नवरा बर्फ काढायच्या गाडीवर होता,
एवढंच एकार्टला कुणीतरी सांगितलेलं.

करडीतून उतरली तेव्हा म्हणाली, पलंगावर बसल्यासारखं वाटलं.
लालमधून उतरली आणि कानात बोट घालून हलवलं.
हिरवीत
पहिल्या पुलापाशीच तिचा हात सीटच्या कडेवर आला.
हा मोरीचा सांधा, म्हणाली, पुरानंतर घाईत बुजवलाय.
मग, आता सावली. इथं डांबर जूनमध्येही ओलं.
मग, आता खडी.
मी स्टिअरिंगवर तेच वाचत होतो, त्याच क्षणी,
एकाच ओळीवर दोघांचं बोट.
पुढच्या एका वळणाला ती काही बोलली नाही.
तिथं रस्ता जरा बाहेर झुकतो, कठडा नवा आहे.
मी वेग कमी केला.
का, ते तिनं विचारलं नाही.

वर इंजिन बंद केलं. तापलेला धातू टिकटिकत निवत होता.
तिनं डोळे उघडले.
चांगली आहे, म्हणाली. खोटं बोलत नाही.
माझ्या जिवात जीव आला. वाक्य मिळालं होतं,
साठ हजारांचा पत्ता लागला होता.
पण हे सगळं मला ठाऊकच होतं की,
ती सीटबेल्ट सोडवत म्हणाली,
सायकलवरही कळतं.

खाली उतरलो तर नाक्यावर दुसराच पोरगा.
त्यानं हिरवीचे सोळा युरो घेतले,
आमच्या पुढच्या खटारा व्हॅनचेही सोळाच घेतले होते.
किती पळते हो, म्हणाला.
मी आकडा सांगितला. तो खूश झाला.

रात्री लॉजवर एकार्टनं गुण मांडले.
ब्रेक नऊ, आवाज सात, डिकी चार.
‘पैसा वसूल?’ ही चौकट माझ्याकडे सरकवून तो झोपला.
मी लिहिलं, परवडत असेल तरी घेऊ नका. खोडलं.
लिहिलं, घ्या, पण आधी हा घाट एकदा पायी चढा.
तो उपदेश झाला, तेही खोडलं.
चौकट अजून रिकामी आहे.
वहीत फक्त एवढंच उरलंय, पेन्सिलीनं,
मोरी कुठे, सावली कुठे, खडी कुठून.
आणि एका वळणापुढे नुसती रेघ.